राजानुज्ञा कोठवर?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ या नावाचा आहे. शास्त्र शिकलेल्या, त्याचा अर्थ जाणलेल्या, कर्म पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच व्यवसायात पाऊल ठेवावे, असा त्याचा आशय आहे. चरकाचार्यांनीही दशप्राणायतनीय अध्यायात ‘रोगाभिसर’ वैद्यांचे वर्णन करताना, असे भोंदू राष्ट्रात मोकळे फिरतात याचा दोष राजाच्या गाफीलपणाकडे दिला आहे. शासनाने वैद्यकात लक्ष घालावे की घालू नये, हा वाद आपल्या आचार्यांपुढे नव्हता. घालावे, हे त्यांनी गृहीतच धरले. आज आपल्यापुढे आहे तो प्रश्न वेगळा आहे. ही अनुज्ञा कोठपर्यंत असावी, आणि ती कोठे थांबावी?

हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पंडितांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या कोणत्याही बैठकीचे इतिवृत्त काढून पाहावे. पहिल्या ठरावात परवाना, तपासणी व कागदपत्रे यांचा जाच कमी करावा अशी मागणी असते. तिसऱ्या-चौथ्या ठरावात शासनाने आयुर्वेदीय औषधांची खरेदी राखीव ठेवावी, बोगस वैद्यांवर कारवाई करावी, अनुदान द्यावे, अशा मागण्या असतात. पहिल्या ठरावात शासन नको असते आणि चौथ्यात ते हवे असते. दोन्ही ठराव एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. या दोहोंची सांगड कशी घालावयाची याचा विचार मात्र होत नाही. तो येथे करून पाहू.

मुक्त बाजाराचा पक्ष थोडक्यात असा. दोन माणसांनी राजीखुशीने केलेल्या देवघेवीत दोघांचाही लाभ असतो, कारण नसता तर ती झालीच नसती. अशा असंख्य देवघेवींतून भाव ठरतो. विखुरलेल्या हजारो माणसांना असलेली बारीकसारीक माहिती भावात एकवटते, हे फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखविले. कोणत्या डोंगरावर यंदा फळ धरले, कोणत्या गावात मजूर नाही, कोणत्या कारखान्यात साठा संपत आला, हे मंत्रालयातील अधिकाऱ्याला कळणे शक्य नसते. भावाला ते कळते. म्हणून शासनाने आपले बळ जीवित, मालमत्ता आणि करार यांच्या रक्षणापुरते राखावे व बाकीच्या कारभारात हात घालू नये, असे हे मत आहे. भारतात चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने १९५९ पासून ते मांडले. ‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचाच. महाराष्ट्रात हाच विचार शरद जोशी यांनी शेतकऱ्याच्या भाषेत सांगितला. बर्न येथील जागतिक टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते चाकणजवळच्या आंबेठाण येथे शेती करू लागले. १९८० च्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटना गावोगाव पोहोचली आणि १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर गदारोळ चालू असताना खुल्या व्यापाराची बाजू उघडपणे घेणारा शेतकरी नेता ते होते. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याशी अनेक बाबतींत मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. परंतु शेतकऱ्याला दया नको, आडकाठी दूर झालेली हवी, ही त्यांची मांडणी वनौषधी गोळा करणाऱ्यालाही तितकीच लागू पडते.

पौडसारख्या ठिकाणी बसून हा विषय लिहिताना मुळशी सत्याग्रहाची आठवण टाळता येत नाही. नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्याची टाटा कंपनीची योजना होती. तिच्यासाठी सुमारे पन्नास गावांच्या जमिनी बुडणार होत्या. संपादनाची रीतसर कार्यवाही होण्याआधीच शेतांत चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे व शंकरराव देव यांनीही त्यात भाग घेतला. लढा तीन वर्षे चालला आणि शेवटी धरण झाले.

या लढ्याकडे सामान्यतः भांडवलदाराविरुद्ध शेतकरी असे पाहिले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कंपनीने मावळ्याच्या दारी येऊन भाव विचारला असता, मावळ्याने नाही म्हटले असते आणि कंपनी परत गेली असती अथवा भाव वाढवून पुन्हा आली असती, तर तो बाजार झाला असता. तसे झाले नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठीही जमीन संपादन करण्याची तरतूद होती आणि सरकारने ती वापरली. ‘नाही’ म्हणण्याचा शेतकऱ्याचा हक्क कायद्याच्या एका भागाने नाहीसा केला. पुण्याच्या सावकारांनी वाढीव मोबदला स्वीकारला, कारण त्यांच्या दृष्टीने जमीन म्हणजे आकडा होता. कसणाऱ्याने स्वीकारला नाही. एकाच जमिनीचे मोल दोघांना वेगवेगळे वाटत होते, आणि ते तसे वाटू देणे व तरी कोणावर बळजोरी न करणे हेच बाजाराचे काम असते. शासनाच्या बळाने एका उद्योगाला मिळालेल्या जमिनीला मुक्त बाजाराचे उदाहरण म्हणणे म्हणजे बोळ्याने पाजलेल्या बाळाला स्वतः जेवला असे म्हणणे होय. तसेच काहीसे आमच्याच तालुक्यात पुन्हा घडले. २००८ मध्ये लवासा प्रकल्पाच्या कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार देण्यात आले. बांधणाराच परवानगी देणारा झाला. ही व्यवस्था २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. मधल्या काळात मुळशीच्या डोंगरांचे काय झाले हे पाहण्यास वाचकांनी एकदा टेमघरच्या बाजूने चक्कर मारावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. मुळशीच्या शेतकऱ्याने मागितलेली गोष्ट कायद्याच्या पुस्तकात येण्यास ९२ वर्षे लागली.

आता आपल्या घरातल्या विषयाकडे, म्हणजे हिरड्याकडे येऊ. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मुळशीपासून मावळ, आंबेगाव, जुन्नरपर्यंत हिरडा आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोवळी फळे पाडून, उन्हात वाळवून बाळहिरडा तयार होतो. जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळी कुटुंबांच्या हाती उन्हाळ्यात जो थोडाफार रोख पैसा येतो, त्यात याचा वाटा मोठा असतो. आपल्यापैकी जे एरंडभृष्ट हरीतकी करतात त्यांना बाळहिरडा लागतो, त्रिफळा करणाऱ्यांना पक्व फळाची साल लागते. आयुर्वेदिक फार्माकोपियानेही हरीतकी म्हणून पक्व फळाचीच साल सांगितली आहे. झाडावर फळ पिकू द्यावयाचे की कोवळेच पाडावयाचे, हे गोळा करणारा घरात बसून ठरवीत नाही. ज्याला भाव मिळतो ते तो पाडतो. चांगला पक्व हिरडा मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या औषधी निर्मात्यांनी आपण त्याला गेल्या दहा वर्षांत वेगळा भाव दिला काय, हे आपल्या खरेदीच्या वहीत पाहावे.

व्यापाऱ्यांकडून आदिवासींची होणारी लूट थांबविण्यासाठी शासनाने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासी क्षेत्रात ठरावीक शेतमाल व गौण वनोपज यांच्या एकाधिकार खरेदीची सोय केली. जुन्नर-आंबेगावचा हिरडाही या खरेदीत होता. हेतू शुद्ध होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मापात मारणारा, उचल देऊन वर्षभर बांधून ठेवणारा व्यापारी ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. परंतु एकाधिकाराचा अर्थ एवढाच की अनेक खरेदीदारांऐवजी एक खरेदीदार. तो एक उशिरा आला, गोदाम भरले म्हणून थांबला अथवा पैसे पावसाळ्यानंतर देऊ म्हणाला, तर विकणाऱ्याला दुसरे दार नसते. मग चोरटा व्यापार सुरू होतो, आणि चोरट्या व्यापारात भाव नेहमी विकणाऱ्याच्या विरुद्ध असतो, कारण त्याला तक्रार करता येत नाही. महाराष्ट्रात कापूस एकाधिकार योजनेचे असेच झाले. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे चाललेली ती योजना तोट्यात बुडत गेली, चुकाऱ्यांसाठी शेतकरी ताटकळले आणि विदर्भाचा कापूस रात्री शेजारच्या राज्यांत जाऊ लागला. शरद जोशींनी तेव्हा हीच गोष्ट सांगितली होती. महामंडळाने खरेदीदार म्हणून जरूर उभे राहावे, हमीभावही द्यावा, पण एकमेव खरेदीदार होऊ नये. त्याच्या काट्याच्या शेजारी दुसरा काटा उभा राहिला तरच त्याचा काटा सरळ राहील.

झाडाच्या बाबतीतही असाच घोळ आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत हिरडा आहे. स्वतःच्या बांधावरचा हिरडा तोडण्यासही परवानगी लागते. त्यामुळेच कोणी हिरडा लावीत नाही, असे सोपे उत्तर आमचे मित्र देतात. ते आम्हाला पटत नाही. त्याच अनुसूचीत आंबाही आहे, आणि आंबा कोकणात व मावळात कोण लावीत नाही? फरक असा की आंब्याचे फळ मालक हवे तेव्हा, हव्या त्या बाजारात, हव्या त्या गिऱ्हाइकाला विकतो. हिरड्याचे फळ आपल्या मालकीच्या झाडाचे की वनातले, हे सिद्ध करण्यात आणि वाहतुकीच्या कागदांत त्याचा उत्साह संपतो. चंदनाची गोष्ट याहून बोलकी आहे. कर्नाटकात शेतकऱ्याच्या जमिनीवरचे चंदनसुद्धा सरकारचे मानले जाई. टिपू सुलतानाच्या काळापासून चालत आलेला तो हक्क होता. बांधावर चंदनाचे रोप आपोआप उगवले तरी शेतकरी ते उपटून टाकण्यात शहाणपणा मानी. झाड सरकारचे, त्रास आपला. २००१ मध्ये कायदा बदलून मालकी शेतकऱ्याकडे आली आणि त्यानंतर लोक चंदन लावू लागले. संरक्षणानेच दुर्मीळ केलेल्या वनस्पतींची यादी करावयाची झाल्यास त्यात चंदनाचे नाव पहिले असेल.

वनातील उपजाविषयी मोठा बदल २००६ च्या वनहक्क कायद्याने केला. गौण वनोपज गोळा करणे, त्याचा वापर करणे व ते विकणे यांचा मालकी हक्क त्याने वनवासी समाजाला दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूसाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती मिळविले, आणि बांबूच्या विक्रीतून गावाच्या खात्यात मोठी रक्कम आली. मालकी मिळाल्यावर तोडीचे नियमही गावानेच केले. ही घटना डाव्या विचारांचे लोक आपल्या बाजूने सांगतात, मुक्त बाजारवादी आपल्या बाजूने. दोघेही बरोबर आहेत असे आम्हाला वाटते. ज्याचा माल त्याच्या हाती विक्रीचा अधिकार, एवढीच ती गोष्ट आहे.

येथपर्यंत बहुतेक वाचकांनी मान डोलावली असेल. आता अवघड भाग. मुक्त बाजाराचे हे तत्त्व आपल्याच व्यवसायाला लावले तर काय होते?

अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७४ मध्ये आपले वैद्य मित्र विल्यम कलेन यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात वैद्यकाच्या पदवीची मक्तेदारी असू नये, असे प्रतिपादन केले होते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये तेच अधिक स्पष्टपणे मांडले. त्यांच्या मते डॉक्टरांची नोंदणी ही रुग्णाच्या रक्षणापेक्षा डॉक्टरांची संख्या मर्यादित ठेवण्याचे साधन आहे. म्हणजे शासनाने माघार घ्यावी असे तत्त्व म्हणून म्हणणाऱ्याने बी.ए.एम.एस.ची नोंदणी, राज्य परिषद, बोगस वैद्यांवरील खटले, हे सर्व गुंडाळण्यास तयार असले पाहिजे. आम्ही तयार नाही. आपल्या सभासदांपैकीही कोणी असेल असे वाटत नाही. मुंबई प्रांताच्या १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी प्रथम सुरू झाली, ती आपल्या पूर्वसूरींनी मागून घेतलेली होती, कोणी लादलेली नव्हे.

मग आपण केवळ स्वार्थी आहोत काय? केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दिलेले उत्तर आम्हाला ग्राह्य वाटते. आंबा घेणारा तो हुंगून, दाबून घेतो. रुग्ण उपचार हुंगून घेऊ शकत नाही. आजार बरा झाला तरी तो औषधाने झाला की आपोआप, हे त्याला कळत नाही. विकणाऱ्याला सर्व ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा ठिकाणी भाव खरे बोलत नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, ज्या द्रव्याची परीक्षा घेणाऱ्याला करता येते तेथे राजाने दूर उभे राहावे. ज्याची परीक्षा त्याला करताच येत नाही, तेथे राजानुज्ञा असावी.

ही कसोटी लावली की आपल्या ठरावांतील गोंधळ बराच निवळतो. हिरडा गोळा करणारा आणि औषधी निर्माता यांच्या व्यवहारात दोघांनाही माल ओळखता येतो. आपण तर द्रव्यगुण शिकलेले आहोत. तेथे एकाधिकार, परवाने, वाहतुकीचे दाखले यांची गरज नाही. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने उत्पादन परवान्यातून वगळले आहे. तेही योग्यच, कारण देणारा समोर बसलेला असतो आणि १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्याखाली उत्तरदायीही असतो. परंतु रसौषधीची पुडी बाटलीत भरून मुंबईच्या दुकानात गेली की परिस्थिती पालटते. तिच्यातील नाग कसा शोधित आहे, पारद कोणत्या रूपात आहे, हे विकत घेणारी गृहिणी कसे पाहणार? बोस्टन येथे आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ७० उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचा अभ्यास २००४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला आणि निर्यातदारांची त्रेधा उडाली. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी तपासणी सक्तीची, ती घरच्या रुग्णासाठी जाच कशी ठरते, याचे उत्तर तपासणीविरुद्ध ठराव मांडणाऱ्यांनी द्यावे.

परवान्यातील सर्वच अटी या कसोटीला उतरतात असे मात्र नाही. २००० साली आलेल्या अनुसूची ‘टी’ने उत्तम निर्मिती पद्धती आणल्या. स्वच्छता, कच्च्या मालाची ओळख, नोंदवह्या या अटींबद्दल तक्रार करणारा निर्माता आपल्या बाजूचा नव्हे. पण किमान १२०० चौरस फूट जागेची अट? चूर्ण आणि दोन आसवे करणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणच्या फार्मसीने ६०० फुटांत शुद्ध काम केले तर रुग्णाचे काय बिघडते? औषधाची शुद्धता जागेच्या क्षेत्रफळावरून मोजता येत नाही. अशा अटी मोठ्या कारखान्यांना परवडतात, लहानांना बाहेर ठेवतात, आणि म्हणून मोठे कारखाने त्यांविरुद्ध कधी फार बोलत नाहीत. आमच्या परिचयाच्या एका वैद्याने वडिलोपार्जित आसवांची निर्मिती याच कारणाने बंद केली. संबंधित कार्यालयाने तीन वेळा नकाशा परत पाठविला होता, एकदाही आसव चाखून अथवा तपासून पाहिले नाही. परवाना देण्याची मुदत २०२१ च्या नियमदुरुस्तीने तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आली आणि परवाना कायमस्वरूपी झाला, ही चांगली सुधारणा आहे.

जाहिरातींचे प्रकरण या दोन टोकांच्या मधले आहे. जाहिरातीपूर्वी राज्य अधिकाऱ्याची मान्यता व क्रमांक घ्यावा असा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने त्याखाली कारवाई करू नये असे कळविले. जुलै २०२४ मध्ये तो वगळण्यात आला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वगळण्यालाच स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण बंद होऊन ती स्थगिती उठली. सात वर्षांत लहान निर्मात्याला आज नियम आहे की नाही हे वकिलाला विचारावे लागले. पूर्वमान्यता गेली याचे आम्हाला दुःख नाही. लक्षावधी जाहिराती मुळाबरहुकूम तपासणारा अधिकारी कोणत्याही राज्याकडे नाही, आणि जेथे तो असेल तेथे क्रमांकाचाही भाव ठरेल. परंतु १९५४ चा जादूटोणाछाप औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा अस्तित्वात आहे. त्याच्या अनुसूचीतील ५४ विकारांवर हमखास उपायाचा दावा करणे गुन्हाच आहे. कमी नियम आणि त्यांची कठोर अंमलबजावणी हे मर्यादित शासनाचे खरे रूप. आपल्याकडे नियम पुष्कळ आणि अंमलबजावणी हप्त्याहप्त्याने, असे झाले आहे. मधुमेह मुळापासून घालविण्याची जाहिरात करणाऱ्या आपल्याच व्यवसायबंधूंविरुद्ध आपली संघटना तक्रार करीत नाही, तोवर शासनाने दूर राहावे हे सांगण्याचा आपला स्वर क्षीणच राहणार.

चरकाचार्यांनी निदानस्थानात शुद्ध चिकित्सेचे लक्षण सांगितले आहे. एक व्याधी शमविताना दुसरी उत्पन्न करते ती चिकित्सा शुद्ध नव्हे. कापसाचा एकाधिकार, चंदनावरील सरकारी मालकी, १२०० फुटांची अट, या सर्वांत मूळ व्याधी खरी होती. ती शमविताना जी दुसरी उत्पन्न झाली तिचे निदान करण्यास पुढे कोणी बसले नाही. कायदा करताना त्याच्या पुनर्विचाराची तारीखही त्यातच घालावी, ही सूचना आम्ही आपल्या संघटनेमार्फत आयुष मंत्रालयाकडे पाठवावी असे सुचवितो.

शासनाची वाट न पाहता करण्याजोगे एक काम मात्र आपल्याच हाती आहे. हिरडा, बेहडा, वावडिंग, गुळवेल ही द्रव्ये आपले सभासद कोणत्या भावाने घेतात, हे आज गोळा करणाऱ्याला कळत नाही, आणि शेजारच्या तालुक्यातील सभासदालाही नाही. मधला दलाल दोघांच्या अज्ञानावर जगतो. प्रत्येक त्रैमासिक अंकात एक पान सभासदांच्या प्रत्यक्ष खरेदीभावांना द्यावे. द्रव्य, पक्व की कोवळे, कोठून घेतले, किलोचा भाव आणि पैसे किती दिवसांत दिले, एवढी पाच खाणी पुरेत. निर्मात्याचे नाव छापण्याची आवश्यकता नाही. ते पान जुन्नर, आंबेगाव, मावळ व मुळशी येथील ग्रामसभांकडे पाठविण्याचा खर्च टपाल हशिलापेक्षा अधिक नाही. बाळहिरड्याचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. त्याआधीच्या अंकात पहिले पान छापावयाचे असेल तर सभासदांनी गेल्या हंगामातील आपल्या खरेदीचे आकडे फेब्रुवारीअखेर संपादक मंडळाकडे पोहोचतील असे पाठवावेत. पक्व हिरड्यासाठी कोणी वेगळा भाव देण्यास तयार असल्यास तोही कळवावा, म्हणजे काही झाडे तरी मेमध्ये न झोडपता हिवाळ्यापर्यंत राखली जातील.